लहान लेकराला घेऊन लोकांच्या घरच्या बागा पाहायला जाणं जमते का? (नागपूर)

गच्ची_धंतोली

नमस्कार सगळ्यांना. आमच्या इकडच्या बागवाल्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, हिवाळ्यात रविवारी सकाळी एकमेकांच्या घरच्या बागा पाहायला जायचं ठरते, तीन-चार घरं एका भागातली, कधी लक्ष्मीनगर-बजाजनगर, कधी त्रिमूर्तीनगर-प्रतापनगर असं. मी गच्चीवर कुंड्या लावून राहिली आहे आणि मला खरंच शिकायचंय. पाहण्यासारखी बाग म्हणजे आपल्याकडे डिसेंबर ते फेब्रुवारीच, मार्च अर्धा झाला की पिटुनिया, फ्लॉक्स सगळं वाळायला लागते, मग लोक ग्रीन नेट बांधून आहे ते वाचवायच्या मागे असतात, तेव्हा कोणाकडे जाऊन काय पाहणार.

तर माझी मुलगी पावणेदोन वर्षांची आहे. रविवारी नवऱ्याची ड्युटी असते, सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांच्याने तिच्यामागे पळणं होत नाही. आणि दुसऱ्या कोणाकडे ठेवता आलं असतं तरी मला तिला न्यायचंच आहे. घरी ती माझ्यासोबत झारी धरते, मातीत गांडूळ दिसलं की उकिडवी बसून ते आत जाईपर्यंत पाहते, टमाटर लाल झाला की मला ओढत नेऊन दाखवते. तिला हे सगळं आवडते म्हणूनच वाटते की न्यावं.

पण घरं दुसऱ्यांची, कुंड्या दुसऱ्यांच्या, लोकांनी जीव लावून वाढवलेली झाडं असतात. यजमानांना चालते का लहान लेकरू आलेलं? की ते तोंडावर या या म्हणतात आणि मनात धास्तावतात? वेळ कोणती बरी, स्ट्रोलर न्यायचा का, आणि विषारी झाडांचं कसं करता, कारण ती अजून हातात आलेलं तोंडात घालते. ज्यांनी नेलंय त्यांनी सांगा, आणि ज्यांच्या घरी लोक येतात त्यांनी पण सांगा प्लीज.

दोघी_मायलेकी

ताई, न्या. मी माझ्या लेकीला ती चालायला लागली तेव्हापासून नेते, आता ती साडेतीनची आहे. पण चार घरांचा राऊंड लेकरासोबत होत नाही हे धरूनच घरून निघायचं. एक घर, फार तर दोन, आणि त्यातलं पहिलं घर असं निवडा की जिथे खाली माती आहे. लक्ष्मीनगर, बजाजनगर, अभ्यंकरनगर या जुन्या लेआउटमध्ये अजून असे प्लॉट आहेत, मागे अंगण, एखादं संत्र्याचं नाहीतर आंब्याचं झाड, सावली, कंपाउंडला फाटक. लेकरू तिथे स्वतःच्या पायाने फिरू शकते. गच्चीवरची बाग कितीही सुंदर असली तरी ती नंतर, कारण तिथे तुमचा सगळा जीव कठड्याकडे लागलेला असतो आणि बाग पाहणं होतच नाही.

वेळ म्हणाल तर जानेवारीत सकाळी आठला दव असते, गवत ओलं, हात-पाय गार पडतात, पोरगी किरकिर करते. साडेनऊच्या आसपास पोचा. अकरानंतर उन्ह चढते आणि तशीही त्या वयाच्या पोरांची झोपेची वेळ होते, झोप चुकली की पुढचं सगळंच बिघडते. तिला निघायच्या आधी पोटभर खाऊ घाला, तिथे गेल्यावर लोक बिस्किटं देतातच. स्ट्रोलर अजिबात नको, बागेतल्या वाटा म्हणजे दीड फुटाच्या, मधे पाईप, विटांचे वाफे, पायऱ्या. मी पाठीवरची कॅरिअर पिशवी न्यायचे, बाग दाटीवाटीची असली की पाठीवर, मोकळी असली की खाली. कपडे जुने आणि एक जोडी बॅगमध्ये, कारण आपली काळी माती ओली असली की कपड्याला जी चिकटते ती निघता निघत नाही.

तुमच्या शिकण्याचं मी असं करते की जायच्या आदल्या दिवशी यजमानांना फोन करून चार प्रश्न सांगून ठेवते, शेवंतीची छाटणी कधी केली, मातीचं मिश्रण काय, वगैरे. तिथे गेल्यावर फक्त तेवढंच विचारते आणि फोनवर व्हिडिओ काढत फिरते, घरी ती झोपली की पाहते. तिथे उभं राहून अर्धा तास गप्पा मारणं या वयात होत नाही, पण बाग पाहून होते.

आणि लेकरं जे पाहतात ते आपण पाहत नाही हे मला फार जाणवलं. एका घरी गोडनिंबाची, म्हणजे कढीपत्त्याची मोठी कुंडी होती, आम्ही सगळे डेलिया पाहून राहिलो होतो, आणि ही खाली बसून एका पानाकडे बोट दाखवत होती. पानावर चिमणीची शीट पडल्यासारखं काळं-पांढरं काहीतरी होतं. यजमान काकांनी वाळक्या काडीने त्याला हळूच टोचलं तर डोक्यामागून एकदम केशरी रंगाचं दोन टोकांचं शिंग बाहेर आलं आणि उग्र वास आला. ती अळी होती, लिंबू आणि गोडनिंबावर अंडी घालणाऱ्या फुलपाखराची. शिंग परत आत गेलं. पोरगी म्हणे अजून, अजून. काकांनी तिला समजावलं की आता अळीला त्रास द्यायचा नाही, ती जेवून राहिली आहे. तेव्हापासून आमच्या घरच्या गोडनिंबावरच्या अळ्या मी काढत नाही, पानं खाल्ली तर खाऊ दे. आपल्या राज्याचं फुलपाखरू म्हणून २०१५ मध्ये जे जाहीर झालं ते राणी पाकोळी, तेही याच कुळातलं, लिंबू-संत्र्याच्या जातीच्या झाडांवर वाढणारं.

अजून एक, कोणाच्या घरी न्यायच्या आधी एकदोनदा महाराजबागेत नाहीतर सेमिनरी हिल्सच्या जपानी गार्डनला नेऊन फूल तोडायचं नाही, बोटाने हळू लावायचं हे शिकवा. पावणेदोनच्या लेकराला "नको" पेक्षा "हळू" लवकर समजते.

कुंडीवाली_काकू

बाई, मी यजमान म्हणून सांगते, आमच्याकडे दर हिवाळ्यात लोक येतात. लेकरू आलेलं मला आवडते, मनापासून आवडते, फक्त आदल्या दिवशी सांगा. अचानक फाटक वाजवून आत आलात आणि पोरगं सुटलं तर मी माझ्या पाहुण्यांकडे पाहू का त्याच्याकडे. सांगितलं की मला काय करता येते पाहा. हौदावर झाकण टाकते, खुरपी, कातर, बांधायची तार सगळं उचलून वर ठेवते, निंबोळी पेंड आणि बोनमीलची पोती खोलीत टाकून कडी लावते कारण पोरांना त्या पोत्यात हात घालायला फार आवडते. बादल्या पालथ्या करते. लेकरू बुडायला विहीर लागत नाही, वीतभर पाणी असलेली बादली पण पुरते, हे तुम्ही पण प्रत्येक घरी गेल्या गेल्या पाहायचं, बोलायला नंतर बसायचं.

दुसरं, फवारणी. या दिवसांत गुलाबवाले मावा आणि थ्रिप्ससाठी औषध मारतातच, मी पण मारते. कोणी लहान लेकरू आणणार म्हणाले आणि माझी फवारणी नुकती झाली असली तर मी सरळ सांगते, पुढच्या रविवारी या. तुम्ही पण विचारा, लाजू नका, कोणताच बागवाला याचा राग मानत नाही.

आणि आल्यावर पोराला सगळीकडे नको नको म्हणत फिरवू नका, त्याचा पण जीव जाते आणि आपला पण. मी एक कोपरा त्याच्यासाठी सोडते. सांबार म्हणजे कोथिंबीर, पालक, मेथी लावलेली असते तिथे. तोड म्हणते, काय तोडायचं ते तोड. सांबार तोडला तरी फुटतो परत. लहानशी झारी अर्धी भरून देते, पूर्ण भरली तर उचलत नाही आणि मग रडते. एक लेकरू एकाच कुंडीला पाणी घालत बसलं होतं, पुन्हा पुन्हा त्याच कुंडीला, मी काही बोलली नाही, नंतर ती कुंडी सावलीत निथळायला ठेवली, झालं. त्याची आई तेवढ्या वेळात सगळी बाग पाहून आली.

या महिन्यात डॉग फ्लॉवर फुललेलं असते सगळ्यांकडे. त्याचं एक फूल तोडून दोन बाजूंनी बोटाने दाबलं की तोंड उघडते, सोडलं की बंद होते. असं चार-पाच वेळा करून पोराच्या हातात द्या, मग पाहा कसं बसते ते. दाबायला जोर लागत नाही, त्या वयाच्या बोटांना जमते. फूल तोडायला मात्र यजमानाला विचारा, माझ्याकडे विचारायची पण गरज नाही.

आमच्या मागच्या अंगणात संत्रा आहे, मृग बहाराची, म्हणजे पावसाच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याची फळं अजून झाडावर आहेत, आणि जानेवारी संपता संपता आंब्या बहाराची, म्हणजे हिवाळ्यातल्या फुलोऱ्याची कळी येईल तेव्हा सगळ्या घरात वास असतो. लेकरांना मी झाडाखाली नेते, पण खालच्या बाजूने, बुडाजवळून फुटलेली फांदी असली तर लक्ष ठेवा. ती कलमाखालच्या खुंटाची, जंभेरीची असते, तिला लांब काटे असतात आणि ते बरोबर लेकराच्या डोळ्याच्या उंचीवर येतात. खरं तर ती फांदी ठेवायचीच नाही, कापून टाकायची, झाडाची ताकद खाते. तुमच्या कोणाच्या घरी असली तर आजच काढा.

पावसाळ्यात कोणी बोलावलं आणि तिथे मुनग्याचं, म्हणजे शेवग्याचं झाड असलं तर खोडाजवळ लेकराला सोडू नका, केसाळ अळ्यांचे घोळके बसलेले असतात खोडावर, हात लागला की अंगभर खाजते.

काटेरी_छंद

मी थोडं वेगळं सांगतो, राग मानू नका. माझ्याकडे कॅक्टस, अडेनियम आणि बोन्साय आहेत, सगळं गच्चीवर. माझ्या घरी दोन वर्षांच्या आतबाहेरचं लेकरू आणू नये असं मी ग्रुपवर स्पष्ट लिहितो. झाडांपेक्षा मला लेकराची काळजी आहे. फड्या निवडुंगाच्या जातीत मोठे काटे दिसतात, ते टाळता येतात, पण त्यांच्या बुडाशी केसासारखे बारीक काटे असतात, ते नुसतं टेकलं तरी बोटात जातात, दिसत नाहीत, आणि लेकरू तेच बोट डोळ्याला चोळते. आपल्याला असं झालं तर चिकटपट्टी लावून ओढून काढता येतात, लेकराला धरून ठेवून ते करणं म्हणजे दोघांचेही हाल.

गच्चीचं अजून एक. बहुतेक लोक कुंड्या कठड्याला लागून ठेवतात, उन्ह मिळते म्हणून आणि वजन भिंतीजवळ राहावं म्हणून. मोठी कुंडी, तिच्या शेजारी पालथ्या बादलीवर अजून एक कुंडी, की झाली पायरी तयार. कठडा तीन फुटांचा असला तरी कुंडीवर चढलेल्या लेकरासाठी तो एकच फूट उरतो. ज्यांच्या घरी लहान पाहुणे येतात त्यांनी कठड्यापासून दोन-अडीच फूट जागा मोकळी सोडावी, आणि आया-बाबांनी गच्चीवर पाय ठेवल्याबरोबर हे पाहावं. असं नसेल तर लेकरू कडेवर, खाली नाहीच.

ताई, तुम्हाला अशा बागा पाहायच्याच असतील तर ग्रुपमध्ये अजून कोणी लहान लेकराची आई असेल तिच्याशी जोडी लावा. एकीने खाली अंगणात दोघांना खेळवायचं, दुसरीने वर जाऊन पाहून यायचं, मग उलट. माझ्याकडे अशा दोघी आल्या होत्या, दोघींनीही निवांत पाहिलं, अडेनियमचं कलम कसं करायचं ते पण शिकून गेल्या.

बालरोगवाली

विषारी झाडांचा प्रश्न विचारलाय त्याचं उत्तर नीट द्यायला हवं म्हणून लिहिते, मी बालरोग विभागात काम करते.

घराघरात सगळ्यात जास्त दिसणारी म्हणजे डिफेनबेकिया, अलोकेशिया, कॅलेडियम, फिलोडेंड्रॉन, मनी प्लांट. यांच्या पानात सुईसारखे अतिबारीक स्फटिक असतात, चावलं की तोंडात लगेच आग होते, लाळ गळते, ओठ-जीभ सुजू शकते. तोंडातलं पान काढून ओल्या कापडाने पुसायचं, थंड पाणी किंवा दूध घोट घोट द्यायचं. आवाज बदलला, गिळता येईना, श्वासाला त्रास वाटला तर थांबायचं नाही, थेट हॉस्पिटल. बहुतेक वेळा आग झाल्यामुळे मूल पहिल्याच चाव्याला थुंकून टाकतं, त्यामुळे प्रकरण फार पुढे जात नाही.

खरी भीती कण्हेर आणि पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी यांची आहे. कंपाउंडला लागून, फाटकाजवळ ही हमखास असतात, बिट्टीची फळं खाली पडलेली असतात आणि मुलांच्या हाताला बरोबर सापडतात. याचा परिणाम हृदयाच्या ठोक्यांवर होतो. वर दादांनी लिहिलेलं अडेनियम त्याच प्रकारचं. बिट्टीची बी चावल्याची नुसती शंका असली तरी मूल खेळतंय, बरं दिसतंय म्हणून घरी थांबू नका. गुंज, एरंड आणि धोत्रा यांच्या बियांचंही तेच. लाल-काळी गुंज मुलांना फार आवडते, काही घरी ती शोभेला वाटीत ठेवलेली असते.

उलटी करवू नका, मिठाचं पाणी पाजू नका. जे खाल्लं त्याची फांदी, बी किंवा निदान फोटो सोबत घ्या, आम्हाला त्याचा फार उपयोग होतो. १०८ ला फोन करा किंवा जवळच्या मोठ्या हॉस्पिटलला जा. ज्या झाडांना पांढरा चीक येतो, युफोर्बिया, शेर वगैरे, तो डोळ्यात गेला तर वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवायचा आणि मग दाखवायचं, आधी धुवायचं हे महत्त्वाचं.

मातीत खेळणार आहे म्हणून लसीकरणाचं कार्ड एकदा काढून पाहा. डीपीटीचा (यात धनुर्वाताची लस असते) पहिला बूस्टर १६ ते २४ महिन्यांत असतो, तुमची मुलगी त्याच वयाची आहे. झाला नसेल तर आधी तो घ्या. बागेतून निघताना साबणाने हात, नखांसकट. एवढं सांभाळलं तर मी स्वतः म्हणेन की न्या. ओपीडीत तीन वर्षांची मुलं बघते ज्यांना मोबाईलवरचं सफरचंद ओळखता येतं पण झाडाला लागलेलं वांगं कधी पाहिलेलं नसतं, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून मला बरं वाटलं.

गच्ची_धंतोली

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. बूस्टर झालाय, कार्ड काढून पाहिलं. येत्या रविवारी लक्ष्मीनगरची एकच बाग ठरवली, खाली अंगण असलेली. त्यांना फोन करून लेकरू येऊन राहिलं म्हणून सांगितलं तर त्या म्हणाल्या आणा नं, आमच्याकडे गाजर काढायला आलेत, तिच्या हाताने उपटू. फाटकाजवळ बिट्टी आहे का हे पण विचारलं, आहे म्हणाल्या, शनिवारी खालची फळं झाडून घेतो म्हणाल्या. काटेरी दादा, तुमच्याकडे मी जोडी लावूनच येईन, अडेनियम मला खरंच शिकायचंय.

काकू, एक विचारायचं राहिलं. माझ्या गच्चीवर कमळाचा टब आहे, फुटभर खोल. मी तो कठड्याजवळच्या कोपऱ्यात विटा लावून अडवलाय पण आता हे सगळं वाचून वाटते की पुरेसं नाही. काढून टाकू का? कमळ पहिल्यांदाच लागलंय, फेकवत नाही.

कुंडीवाली_काकू

काढू नको बाई. पण विटा पण पुरत नाहीत, विटांवर ती चढेल आणि अजून उंचावरून वाकेल, त्या आधी काढून घे. हार्डवेअरच्या दुकानात वेल्ड केलेली जाळी मिळते, एक इंच भोकाची नको, दोन इंचाची घे, पानाची गुंडाळी त्यातून वर येते. टबाच्या तोंडापेक्षा थोडी मोठी कापून कडा खाली वळव, कापलेली टोकं बाहेर राहायला नको, आणि चार जागी तारेने टबाच्या काठाला घट्ट आवळ. जाळी पाण्याच्या वर ठेवायची, टबाच्या काठाला टेकून. हाताने जोरात दाबून पाहा, वाकली तर मधून एक सळई आडवी टाक. आणि पाण्यात चार गप्पी मासे सोड, नाहीतर डासांच्या अळ्या होतात. फुलाचा देठ जाळीला अडकून राहिला असं दिसलं तर बोटाने सरकवून भोकातून वर काढून द्यायचा, कमळाला काही होत नाही.

दोघी_मायलेकी

जाळी कापणारा सीताबर्डीला मिळतो, माप नेलं तर कडा पण वळवून देतो. आणि ताई, मी पण या रविवारी लक्ष्मीनगरलाच आहे, आपली जोडी तिथेच लागेल. लेकीची जुनी छोटी झारी घेऊन येते, तुमचीला होईल ती.